पांढऱ्यावर पांढरं: होली कम्युनियनच्या कुकीज घरी सजवताना

मे महिन्यात आमच्या वसईत काहीही वाळत घाला, दुपारपर्यंत कडक होतं. बोंबील, पापड, मिरच्या, सगळं. वाळत नाही ते एवढं कुकीवरचं आयसिंग. उन्हात ठेवावं तर बटर पाघळतं, सावलीत ठेवावं तर खाडीवरची दमट हवा त्याला कोरडं होऊ देत नाही. भाचीच्या होली कम्युनियनला, म्हणजे मूल चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतं त्या समारंभाला, मी पहिल्यांदा चाळीस कुकीज करायला घेतल्या तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शनिवारी रात्री अकराला रंग भरले, रविवारी मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) निघायच्या आधी कुकीज पिशव्यांत भरल्या. चर्चच्या आवारात पिशवी उघडून बघते तर कुकीवर काही नाही, आयसिंगने काढलेले सगळे चषक आतून प्लास्टिकला चिकटलेले. म्हणून रेसिपीच्या आधी वेळापत्रक सांगते.

रविवारचा कार्यक्रम, बुधवारी ओव्हन

बुधवारी कुकीज भाजायच्या. गुरुवारी पांढरा थर द्यायचा. शुक्रवारी त्यावरचं नक्षीकाम. शनिवारी सोनेरी रंग आणि संध्याकाळी पॅकिंग. दिवसाला दोन-अडीच तासांचं काम आहे, पण ते एका रात्रीत कोंबता येत नाही, कारण खालचा थर आतपर्यंत वाळल्याशिवाय वरचा द्यायचा नसतो. कोरड्या हवेत थराला आठ-दहा तास लागतात, आमच्याकडे चोवीस धरायचे. जुलै-ऑगस्टमधला बाप्तिस्मा असेल तर आणखी एक दिवस वाढवा, आणि घरात एसी असेल तर ट्रे त्याच खोलीत ठेवा.

फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. बाहेर काढल्यावर कुकीला घाम फुटतो आणि केलेलं सगळं धुऊन निघतं. टेबल फॅन सर्वात हळू ठेवून तिरका लावा. छताचा पंखा जोरात सोडला की पात्यावरची धूळ पांढऱ्यावर लगेच दिसते. आणि मुंग्या! ट्रे ठेवलेल्या टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करा, आजी लोणच्याच्या बरणीखाली परात ठेवायची तसं. मुंग्यांचा खडू खाण्याच्या वस्तूजवळ ओढू नका.

काय काढायचं

नवीन माणूस इथेच चुकतो. एका कुकीवर चषक, कबूतर, क्रूस, द्राक्षं, गहू, मुलीचं नाव आणि तारीख, सगळं बसवायला जातो. एका कुकीवर एकच खूण. चार खुणा हव्या असतील तर चार प्रकारच्या कुकीज करा आणि पाकिटात एकेक घाला.

कम्युनियनसाठी चषक आणि होस्ट (ख्रिस्तप्रसादाची पातळ गोल भाकर), गव्हाच्या ओंब्या, द्राक्षांचा घड. भाकर आणि द्राक्षारस यांच्याच या खुणा. आय-एच-एस ही तीन अक्षरं काढायची असतील तर मधल्या एचच्या आडव्या दांडीवर छोटा क्रूस उभा करतात. ही अक्षरं ग्रीक लिपीतल्या येशूच्या नावाची पहिली तीन अक्षरं आहेत, कुठल्या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं नाहीत. कोणी तसं लिहून द्या म्हणालं तर नम्रपणे समजावून सांगा.

बाप्तिस्म्यासाठी शिंपला, पाण्याचे थेंब, मेणबत्ती, पांढरा झगा. शिंपला का, तर बाळाच्या डोक्यावर पाणी ओतायला शिंपल्याच्या आकाराचं भांडं वापरतात. दृढीकरणासाठी, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करणाऱ्या विधीसाठी, लाल रंग, कबूतर किंवा सात ज्वाळा, पवित्र आत्म्याच्या सात दानांच्या. तिथे पाच ज्वाळा काढून चालत नाही, बिशपांच्या हातून अभिषेक झालेली मुलं हे सगळं धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करून आलेली असतात आणि लगेच मोजतात.

माझं स्वतःचं एक पथ्य आहे. येशूचा किंवा मारियामातेचा चेहरा मी कुकीवर काढत नाही, आणि क्रुसावरची मूर्तीही नाही. साधा क्रूस चालतो. चेहरा बिघडला तर वाईट दिसतो आणि उत्तम जमला तर लहान मूल पहिला घास नेमका त्याचाच घेतं. मारियामातेसाठी निळी किनार आणि एम हे अक्षर पुरतं. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या फेस्ताला, म्हणजे ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होणाऱ्या जत्रेच्या दिवसांत, मी एवढंच करते. ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत क्रुसावर मरण पत्करलेल्या आमच्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांसाठी लाल कुकीवर हिरवी झावळी काढते. लाल रंग आणि झावळी ही हुतात्म्यांची जुनीच खूण आहे.

कुकी स्वतः

२२५ ग्रॅम बिनमिठाचं बटर, २०० ग्रॅम पिठीसाखर, एक अंडं, एक चमचा व्हॅनिला, पाव चमचा मीठ, ४०० ग्रॅम मैदा. सात सेंटिमीटरच्या साधारण तीस कुकीज होतात. बेकिंग पावडर घालू नका, कुकी फुगून माथ्यावर गोल होते आणि आयसिंग कडेला ओघळतं. बटर आणि साखर एकत्र होण्यापुरतीच फेटा. केकसारखं हलकं होईपर्यंत फेटलंत तर त्यात हवा भरते आणि ओव्हनमध्ये आकार पसरतो.

पीठ दोन बटर पेपरमध्ये ठेवून सहा मिलिमीटर जाड लाटा. दोन्ही बाजूंना दोन फूटपट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणं फिरवलं की जाडी सारखी येते. लाटलेली पोळी अर्धा तास फ्रिजमध्ये, मग कटर. मे महिन्यात हे अर्ध्या तासाचं काम टाळलंत तर कटर उचलताना पीठ त्याच्यासोबतच उठतं. ओव्हन १७५ अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा, दहा ते बारा मिनिटं भाजा. कडा जेमतेम सोनेरी व्हायला हव्यात. कच्ची राहिलेली कुकी दोन दिवसांनी पांढऱ्या आयसिंगमधून तेलाचे पिवळे डाग वर आणते, आणि ते कशानेही झाकत नाहीत.

चषकाचा कटर क्रॉफर्ड मार्केटात केकच्या सामानाच्या दुकानांत शोधता येईल, पण पहिल्या खेपेला त्याच्या मागे लागू नका. गोल कुकी घ्या. गोल कुकीला बारीक मान नसते, त्यामुळे ती पाकिटात मोडत नाही.

चक्का, श्रीखंड, काकवी

रॉयल आयसिंगसाठी ५०० ग्रॅम आयसिंग शुगर, तीन मोठे चमचे मेरिंग पावडर, ७५ ते ९० मिलिलिटर पाणी. जुन्या पद्धतीत अंड्याचा कच्चा पांढरा बलक घालत. लहान मुलं आणि म्हातारी माणसं खाणार, त्यात मे महिन्याची उष्णता, म्हणून मी मेरिंग पावडरच वापरते. तीही अंड्याचीच असते हे लक्षात ठेवा. शाकाहारी शेजाऱ्यांसाठी कुकीत अंड्याऐवजी तीन चमचे दूध घालून वेगळा घाणा काढा आणि वर आयसिंग शुगर, दूध आणि लिक्विड ग्लुकोजचं साधं आयसिंग लावा. ते दगडासारखं वाळत नाही, तेवढ्या कुकीज एकावर एक रचू नका.

घरी मिक्सरमध्ये दळलेली साखर पिठात चालते, आयसिंगमध्ये नाही. चाळणीतून सुटलेला एक कण नोझलच्या तोंडाशी अडकतो, मग दाब दिला की फटकन सगळं बाहेर येतं. विकतची आयसिंग शुगरही दोनदा चाळा.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या, प्लास्टिकचं नको. प्लास्टिकला धुतल्यावरही तेलाचा अंश राहतो आणि तेल लागलं की आयसिंग फेटलं जात नाही. लिंबाच्या फोडीने भांडं पुसून घ्या. सकाळी केसांना खोबरेल लावलं असेल तर हात पुन्हा धुवा, मी चेष्टा करत नाही. मिक्सर हळू ठेवून सात-आठ मिनिटं फेटा. जोरात फेटलं तर त्यात हवा भरते, वाळल्यावर ते ठिसूळ होतं आणि बारीक जागी मध्येच खड्डा पडतो.

आता घट्टपणा. पुस्तकांत सेकंद मोजायला सांगतात, मी स्वयंपाकघरातली मापं सांगते. फेटून झालेलं आयसिंग चक्क्यासारखं असतं, ते ओंब्या आणि पाकळ्यांसाठी. त्यात थेंबथेंब पाणी घालून श्रीखंडासारखं केलं की रेघा आणि अक्षरांसाठी. आणखी पाणी घालून काकवीसारखं केलं की थर भरण्यासाठी. काकवी जमली की नाही हे बघायला सुरीने मध्ये एक रेघ ओढा, पंधरा आकडे मोजेपर्यंत ती मिटायला हवी. आठ आकड्यांत मिटली तर पातळ झालंय, थोडा चक्का परत मिसळा. पाणी चमच्याने ओतू नका, बोटांनी शिंपडा. तीन वाट्या केल्यात की तिन्हींवर ओलं फडकं टाका, दहा मिनिटांत वर पापडी येते.

मेंदीचा कोन धरता येणाऱ्या बाईला पायपिंग बॅग वेगळी शिकवावी लागत नाही. नोझल नसेल तर जाड प्लास्टिकचा तसाच कोन वळा आणि टोक अगदी थोडं कापा. नोझल घ्यायचे असतील तर १, २ आणि ३ नंबरचे गोल तोंडाचे पुरतात.

पांढरा पांढरा दिसत का नाही

कम्युनियनच्या कुकीजमधलं सगळ्यात अवघड काम हे. आयसिंग वाटीत पांढरं वाटतं आणि मुलीच्या झग्याशेजारी धरलं की पिवळट. तपकिरी व्हॅनिला इसेन्स हे पहिलं कारण, आयसिंगमध्ये बिनरंगी इसेन्स घाला. पांढरा जेल कलर मिळतो, तो ५०० ग्रॅमला चमचाभर पुरतो. आणि एक जुनी युक्ती: टूथपिकच्या टोकाला लागेल एवढाच जांभळा जेल कलर संपूर्ण वाटीत ढवळा. पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात तेच तत्त्व, पिवळेपणा मारला जातो. नीळ जास्त झाली की सदरा निळा दिसतो तसंच इथेही होतं, म्हणून टूथपिक बुडवू नका, फक्त टेकवा.

एक कुकी शेवटपर्यंत

श्रीखंडाच्या कोनाने, २ नंबरच्या नोझलने, कुकीच्या कडेपासून तीन मिलिमीटर आत गोल काढा. नोझल कुकीला टेकवून ओढायचा नाही. एकदा टेकवा, सेंटिमीटरभर वर उचला आणि रेघ दोरीसारखी खाली पडू द्या, हात फक्त तिला वळवतो. रांगोळीतही चिमूट जमिनीला लागत नाही, तसंच.

मग काकवीने आतून भरा, कडेकडून मध्याकडे. टूथपिकने कोपऱ्यांत ढकला, कुकी टेबलावरच हलकी हलवा. पहिल्या मिनिटातच बुडबुडे वर येतात, ते टाचणीने फोडा. दोन मिनिटांनी दिसलेल्या बुडबुड्याला हात लावू नका, खाच राहते. आता फॅन, आणि उद्यापर्यंत विसरा.

दुसऱ्या दिवशी जाड कागदाचा चषक कापून कुकीवर ठेवा आणि कडेने टाचणीचे ठिपके द्या. पेन्सिल नको. चषकाची वाटी आधी भरा, मग खालची बैठक. दोन्हींवर पापडी येऊ द्या, पंखा असेल तर वीस-पंचवीस मिनिटं, आणि मगच मधली दांडी आणि तिच्यावरची गाठ. सगळं एकाच वेळी भरलं तर तिन्ही भाग एकमेकांत मिसळून चषकाचा फुलदाणीसारखा गोळा होतो. थांबून भरलं की प्रत्येक भागाची कड वेगळी राहते.

वाटीच्या वर होस्ट. पांढऱ्या थरावर पांढरा गोल दिसणार कसा? पुष्कळ जण घाबरून त्याला पिवळा करतात किंवा तपकिरी रेघ मारतात. नका करू. या गोलासाठी काकवी थोडी घट्ट ठेवा आणि दोन सेंटिमीटरचा गोल जरा भरगच्च ओता. तो फुगीर वाळतो आणि त्याच्या कडेला बारीक सावली पडते, डोळ्याला तीच रेघ दिसते. वर १ नंबरने दोन छोट्या रेघांचा क्रूस. खिडकीपाशी कुकी तिरकी धरलीत की कळेल मी काय म्हणते.

द्राक्षांचा घड काढताना शेजारशेजारचे ठिपके एकदम देऊ नका. आधी एक सोडून एक, पंधरा मिनिटांनी मधले. ओंबीसाठी चक्क्याचे थेंब खालून वर, जोडीजोडीने, प्रत्येक थेंबाला ओढून टोक द्यायचं.

सोनेरी पावडर घेताना डबीवरचं वाचा. ‘खाण्यायोग्य’ आणि ‘फक्त सजावटीसाठी’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि दुसरीवर बिनविषारी लिहिलेलं असलं तरी ती खायची नसते. पावडर पाण्यात कालवली तर आयसिंग विरघळतं, म्हणून व्होडकाच्या चार-पाच थेंबांत कालवून बारीक ब्रशने लावा. दारू उडून जाते, सोनं राहतं. गोव्याच्या एका मैत्रिणीने फेणी वापरून पाहिली. सोनं छान चढलं, पण चषकाला काजूचा वास दोन दिवस होता. चांदीचा चषक हवा असेल तर मिठाईवरचा वर्ख घ्या, जागा ओलसर ब्रशने पुसून वर्खाचा तुकडा अलगद टेकवा, जादाचा झटकून टाका.

नाव देवनागरीत

इंग्रजी अक्षरांच्या युक्त्या जिथे तिथे सापडतात, देवनागरीच्या कोणी सांगत नाही. कागदावर आपण अक्षरं लिहून मग शिरोरेषा ओढतो. कुकीवर उलटं करा: आधी शिरोरेषा, मग अक्षरं तिला टांगायची. नाव तिरकं जात नाही. रेषेच्या वर वेलांटी आणि मात्रांसाठी अक्षराच्या निम्म्याइतकी जागा सोडा. जोडाक्षरं सगळ्यात वाईट, ‘क्रि’ आणि ‘स्टी’ यांच्या पोटातली जागा आयसिंगने बुजते. १ नंबरच्या खाली जाऊ नका, त्यापेक्षा अक्षर मोठं करा. नाव चार अक्षरांपेक्षा लांब असेल तर घरचं लाडाचं नाव लिहा. बटर पेपरवर दहा वेळा लिहून बघा, वाळलेलं आयसिंग खरवडून मुलांना द्या.

लाल रंगाविषयी थोडं, रोझरीविषयी थोडं

लाल आणि काळा रंग कालवल्याबरोबर फिका दिसतो आणि रात्रभरात गडद होतो. म्हणून दृढीकरणाचं लाल आयसिंग आदल्या दिवशी करून झाकून ठेवा. वाटीत गडद दिसेपर्यंत रंग ओतत राहिलात तर कडू होतं. पांढऱ्या थरावर लाल ज्वाळा काढायच्या तर थर पूर्ण चोवीस तास वाळू द्या, नाहीतर लाल रंग पांढऱ्यात झिरपतो आणि ज्वाळा जखमेसारख्या दिसतात. कम्युनियनच्या कुकीत मी लाल वापरतच नाही, आणि त्याला कारण कलेचं नाही. मुलीचा झगा पांढरा, मुलाचा शर्ट पांढरा, फोटो अजून काढायचे बाकी.

ऑक्टोबरात रोझरीचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा, महिना असतो. तेव्हा तीन सेंटिमीटरच्या छोट्या कुकीज मण्यांसारख्या ताटात मांडतात, फार सुंदर दिसतं. दहा-दहाचे पाच संच आणि क्रुसाजवळचे तीन, असे ‘नमो मारिया’ या प्रार्थनेचे ५३ मणी, आणि ‘हे आमच्या बापा’ या प्रार्थनेचे ६ मोठे, एकूण ५९. मोठे मणी वेगळ्या रंगाचे करा. दोन-तीन जास्त भाजा, कारण मांडून झाल्यावर घरातलं कोणीतरी एक मणी उचलतंच आणि मग भक्त आजी मोजून सांगतात कुठल्या दशकात नऊ आहेत.

उपवासकाळात, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, मी कुकीजचं सामान माळ्यावर ठेवते. हवा तेव्हा कोरडी असते याची हळहळ वाटते खरी.

पॅकिंग

कुकी वाळली का, हे वरून टकटक करून कळत नाही, वर पापडी आणि आत ओलं असू शकतं. एक कुकी मोडून बघा. आतलं आयसिंग खडूसारखं तुटलं तर भरा. एका पाकिटात एक किंवा दोन, मध्ये बटर पेपरचा तुकडा, आणि पाकिटं डब्यात उभी ठेवा, ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखी. आडवी रचली की खालच्या मोडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात दहा दिवस छान राहतात. पाकिटावर मैदा, दूध, अंडं एवढं लिहून चिकटवा. विकायला लागलात तर एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची) नोंदणी करून घ्या.

आणि कुकीज मिस्सा संपल्यावर वाटा, आधी नाही. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी तासभर काही खायचं नसतं. आमच्या घरातल्या एका उत्सवमूर्तीने गाडीतच पाकीट फोडलं होतं, चर्चच्या पार्किंगमध्ये आईने घड्याळ बघून मिनिटं मोजली, आणि आत जाईपर्यंत त्याच्या नाकावर सोनेरी पावडर तशीच होती.